बरोबरीत सुटलेला डाव कसा वाचायचा

तगड्या खेळाडूंचा बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला की आपण तो सोडून पुढचा बघतो. तसं करू नका. सुरुवातीला व्हिएन्नातला १८७२ सालचा हाम्पे–माइटनर डाव घ्या. जेमतेम १८ चाली, ठाण्याहून दादर येईपर्यंत वाचून होतील. पण घरी लाकडी पटच मांडा. फोनवर बोट सरकवून डाव डोक्यात बसत नाही.

चालींवर लोकलचा पास ठेवा, एकेक ओळ खाली सरकवा आणि पुढची चाल आधी स्वतः ओळखा. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, बंद. ते एक आकडा दाखवून मोकळं होतं.

काळा तिसऱ्या चालीला उंट देतो, नवव्या चालीला चक्क वजीर! पांढरा राजा ओढला जात जात सी६ या घरावर पोचतो आणि सोळाव्या चालीला बी७ वरून उंटाचा शह बसतो. इथे थांबा. उंट फुकटात दिसतोय ना? मग खाऊन बघा. काळा राजा डी७ वर येतो. पांढऱ्या वजिराने जी४ वरून शह दिला तर तो डी६ वर सरकतो, मग एच८चा हत्ती बी८ ला येतो आणि मात. म्हणून पांढरा राजा बी५ वर. उंटाचा ए६ वरून पुन्हा शह. राजा ए४ ला पळाला तर उंट सी४ ला, आणि बी५ ला प्यादं येऊन मात. उरतं परत सी६. काळ्यालाही थांबता येत नाही, कारण शह थांबले की वजिराविना तो हरलाच. म्हणून तेच शह पुन्हा पुन्हा, आणि डाव बरोबरीत.

प्रत्येक वळणावर वहीत एकच गोष्ट लिहा: दुसरी चाल का नाही केली? हे जमलं की २०१८ची लंडनमधली कार्लसन–कारुआना ही जगज्जेतेपदाची लढत काढा. तिथे मुख्य १२ही डाव बरोबरीत सुटले.

आता स्वतःच्या डावाचं. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर बरोबरी मागता येते. त्यासाठी चाल फक्त स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि आर्बिटरला, म्हणजे पंचाला, बोलवायचं. सोंगटीला हात लावायचा नाही. परळच्या एका स्पर्धेत मी आधी चाल केली, घड्याळ दाबलं आणि मग हात वर केला. आर्बिटरने मान हलवली, 'आता चाल त्यांची.' समोरच्या काकांनी शांतपणे हत्ती दुसरीकडे वळवला, आणि पुढच्या तासाभरात मी हरलो.