नवा कन्सोल घेताना या चुका टाळा : मशीन तुमचं होतं, गेम होतोच असं नाही

दिवाळीच्या आठ दिवस आधी सांगलीतल्या विश्रामबागेत माझ्या भाच्याकडे नवा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, आला. दाजींनी दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन खोक्यांतलं स्वस्त खोकं उचललं होतं. मी पोचलो तेव्हा पोरगं फरशीवर बसलं होतं. मांडीवर मित्राकडून आणलेल्या दोन डिस्क आणि हातात मशीन. ते उलटंपालटं करून कडेकडेनं बोट फिरवत होतं. "मामा, डिस्क घालायची कुठनं ह्यात?"

त्या मॉडेलला डिस्क ड्राइव्हच नव्हता. दुकानदाराने सांगितलं नाही, दाजींना विचारायचं सुचलं नाही. सील फुटलेलं होतं, त्यामुळे बदलूनही मिळालं नाही.

तेव्हापासून कुणी मला "प्लेस्टेशन घेऊ की एक्सबॉक्स?" असं विचारलं की मी आधी दुसरं विचारतो. घेतलेला गेम मित्राला द्यायचा आहे का? खेळून झाल्यावर विकायचा आहे का? नेट गेलं तरी चालायला हवा का? टेराफ्लॉप (मशीनची ताकद) आणि फ्रेम रेटवर (चित्र किती सफाईने हलतं) पोरं रात्र रात्र भांडतात. पण या पिढीतली दोन्ही मोठी मशीन घरच्या टीव्हीवर उत्तम चालतात. खरा फरक मालकीत आहे, आणि तो पैसे दिल्यावर कळतो.

दहा हजार वाचले असं समजणं

2024 च्या एप्रिलमध्ये प्लेस्टेशन 5 चं, म्हणजे पीएस5 चं, स्लिम मॉडेल भारतात आलं, तेव्हा डिस्कवालं 54,990 रुपयांना होतं आणि डिजिटल, म्हणजे बिनडिस्कचं, 44,990 ला. म्हणजे फरक सरळ दहा हजारांचा. किमती पुढेमागे होत राहतात, पण हिशोब तोच राहतो. मोठा नवा गेम पाच हजारांच्या आसपास पडतो. डिस्क घेतली तर महिना-दीड महिन्यात खेळून ती निम्म्या किमतीला जाते. आमच्या ओळखीच्या चार पोरांचं तर ठरलेलंच आहे. एक जण एक गेम घेतो. तो विश्रामबागेतून मिरजेला जातो, तिथून कुपवाडला, आणि फिरून परत येतो. चार गेम चौघांचे, खर्च प्रत्येकी एकाचा. डिजिटल गेम असा हातोहात फिरत नाही, विकताही येत नाही. शिवाय तो एकाच दुकानातून घ्यावा लागतो, कंपनीच्या स्वतःच्या. समोरचं दुकान दोनशेने कमी देतंय का, हे बघायची सोयच राहत नाही.

डिजिटलला सेल लागतात आणि चांगले लागतात, हेही सांगायला हवं. पोरगं फोर्टनाइटसारखं फुकट मिळणारंच खेळणार असेल किंवा घरात गेम पास (एक्सबॉक्सची गेमची वर्गणी) घ्यायचं ठरलेलं असेल, तर बिनडिस्कचं मशीन घ्यायला हरकत नाही. पण ते ठरवून घ्यावं.

दुकानात नुसतं नाव सांगू नका, नेमकं मॉडेल सांगा. एक्सबॉक्स सीरीज एसला डिस्क ड्राइव्ह नाही आणि नंतर लावताही येत नाही. त्याच्या 512 जीबी साठवणीतले गेमसाठी सुमारे 364 जीबीच हाती लागतात, म्हणजे दीडशे जीबीचे दोन गेम टाकले की कपाट भरलं. सीरीज एक्स पूर्वी डिस्कवालाच असायचा, 2024 पासून त्यातही बिनडिस्कचा निघाला. पीएस5 स्लिमच्या डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह वेगळा घेऊन लावता येतो, मात्र तो जोडताना पहिल्यांदा नेट लागतंच. "नंतर ड्राइव्ह घेऊ" असा बेत असेल तर तो आपल्याकडे मिळतोय का, कितीला मिळतोय, हे मशीन घेण्याआधी विचारा. पीएस5 प्रो तर ड्राइव्हशिवायच येतो. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये तो निघाला तेव्हा भारतात आलाच नाही, कारण त्यातल्या वायफायला लागणारा 6 गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे खुला नव्हता. म्हणून कुणी बाहेरून आणलेला प्रो गळ्यात मारत असेल, तर बिघडल्यावर वॉरंटी कुठे चालणार ते आधी लेखी मागा.

ही भांडणं नवी नाहीत. 2013 च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला, तेव्हा मशीनने चोवीस तासांतून एकदा नेटवर हजेरी लावायची आणि जुन्या गेमच्या देवघेवीवर बंधनं, असा बेत होता. जगभर ओरड झाली. जूनमध्ये प्लेस्टेशनवाल्या सोनीने एका माणसाने दुसऱ्याच्या हातात गेम ठेवायचा, एवढाच छोटा व्हिडिओ काढून उत्तर दिलं. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टला माघार घ्यावी लागली. तेव्हा लोक ज्याच्याविरुद्ध उठले, तेच आज बिनडिस्कच्या मशीनमधून दोन्ही कंपन्यांकडून घरात येतंय, आणि आपण ते दहा हजार वाचले म्हणून घेतोय. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खोक्यावरचं न वाचणं

निन्टेंडो कंपनीचा स्विच 2 हा कन्सोल 2025 च्या 5 जूनला आला. आपल्याकडे दिसतो तो बहुधा बाहेरून आणलेला असतो. कुणाचा भाऊ दुबईला, कुणाची बहीण जपानला. जपानहून मागवणार असाल तर जरा थांबा. तिथे दोन प्रकार विकले जातात. स्वस्तातला, 2025 मध्ये 49,980 येनला निघालेला, फक्त जपानी भाषेत चालतो आणि जपानच्याच निन्टेंडो अकाउंटला जोडता येतो. स्वस्त मिळाला म्हणून आणलेला तो स्विच इथे कामाचा राहत नाही.

त्याच्या गेममध्येही एक मेख आहे, 'गेम-की कार्ड'ची. कार्ड हातात येतं, पण आत गेम नसतोच, असते ती फक्त किल्ली. गेम नेटवरून उतरवून घ्यायचा आणि खेळताना कार्डही लावून ठेवायचं. असं कार्ड दुसऱ्याला देता येतं, विकताही येतं, एवढं त्यातलं बरं. पण तुमच्या गावात नेट रडतखडत चालत असेल, तर खोक्याच्या पुढच्या बाजूला खाली छापलेली सूचना वाचूनच घ्या. काही खोक्यांत तर कार्ड किंवा डिस्कऐवजी नुसती कोड छापलेली चिठ्ठी निघते. तो कोड एकदा वापरला की खोकं रिकामं.

दुबईहून आणलेल्या प्लेस्टेशनच्या डिस्क इथे चालतात. अडतं ते पुढे. त्या गेमचा जास्तीचा भाग भारतीय अकाउंटवरून घेतला तर डिस्कचा आणि अकाउंटचा प्रदेश न जुळल्यामुळे तो उघडत नाही. आणि अकाउंट काढताना देश 'इंडिया' हाच ठेवा. नंतर तो बदलता येत नाही. अमेरिकेचा टाकून बसलेल्यांची भारतीय कार्डं तिथे चालत नाहीत, मग दर वेळी गिफ्ट कार्ड शोधत फिरावं लागतं.

'प्रायमरी-सेकंडरी'च्या नादी लागणं

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते, आणि यात पोरांचे साठवलेले पैसे जातात. पाच हजारांचा गेम बाराशेला, असा मेसेज येतो. गेम नसतोच तो, विकणाऱ्याच्या अकाउंटचा पासवर्ड असतो. एकाच अकाउंटवर एकाला 'प्रायमरी' आणि दुसऱ्याला 'सेकंडरी' म्हणून बसवलेलं असतं. हे कंपनीच्या नियमांत बसत नाही, अकाउंट कधीही बंद होऊ शकतं. आणि विकणाऱ्याने पासवर्ड बदलला की दाद मागायला जाणार कुणाकडे? माझ्या शेजारच्या मुलाने भिशीसारखे महिन्याला थोडे थोडे करून असे सहा गेम जमवले होते. एका सकाळी सहाच्या सहा गेमवर कुलूप. मेसेज पाठवणाऱ्याचा नंबर बंद.

कुलूप तुमच्या स्वतःच्या अकाउंटवरच्या गेमला लागलं असेल, तर मात्र घाबरू नका. पीएस5 वर सेटिंगमध्ये युझर्स अँड अकाउंट्स, त्यात अदर, तिथे 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' सुरू आहे का बघा. ते एका अकाउंटला एकाच पीएस5 वर सुरू ठेवता येतं. जुनं मशीन विकताना बंद करायचं राहिलं असेल, तर नव्या मशीनवर अशी अडचण येते. तिथेच 'रिस्टोअर लायसन्सेस' आहे, ते एकदा चालवा. एक्सबॉक्सवर हेच काम जनरल, पर्सनलायझेशनमधल्या 'माय होम एक्सबॉक्स'मध्ये होतं. तो वर्षातून पाच वेळाच बदलता येतो, म्हणून मित्राकडे गेलात की उगाच बदलत बसू नका. मासिक वर्गणीत मिळालेले गेम वर्गणी संपली की कुलूपबंद होतात. तो बिघाड नाही, वर्गणी भरली की ते परत उघडतात.

एक अडचण दुकानातूनच सुरू होते. "साहेब, सेटअप करून देतो" म्हणत दुकानातला पोरगा स्वतःच्या ईमेलवर अकाउंट काढून देतो. वर्षभराने पासवर्ड विसरलात की तो बदलायचा कोड जातो त्याच्या फोनवर, आणि तो तोवर पुण्याला गेलेला असतो. अकाउंट आपल्या ईमेलवर, आपल्या नंबरवर. मुलाचं असेल तर आई-वडिलांच्या अकाउंटखाली.

जुनं मशीन घेताना

पैसे द्यायच्या आधी मोबाइलचं हॉटस्पॉट लावून मशीन नेटवर चढवा. निन्टेंडोच्या बाबतीत हे फार गरजेचं आहे. चोरीचे गेम चालवणारी कार्डं वापरलेल्या मशीनची ऑनलाइन सेवा कंपनी बंद करते, आणि ती बंदी मशीनवर असते. मालक बदलला म्हणून ती उठत नाही. मग तुमच्यासमोर जुनं अकाउंट काढायला आणि मशीन कोरं करायला लावा. घरून एक डिस्क सोबत न्या आणि घालून बघा, आत घेताना करकर आवाज येतो का ऐका.

विकणारे तुम्ही असाल तर खेळाची नोंद आधी हलवा. पीएस5 च्या गेमची सेव्ह फाइल पेनड्राइव्हवर घेता येत नाही. ती पीएस प्लसच्या वर्गणीतून क्लाउडवर जाते, नाहीतर जुनं आणि नवं मशीन एकाच नेटवर ठेवून सरळ हलवावी लागते. मशीन गेल्यावर हे आठवून उपयोग नाही.

वीज जाऊन अडकलेला पीएस5 सुरू होत नसेल तर बंद असताना पॉवरचं बटण दुसरी बीप येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरा. सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीचा मेनू, येतो. कंट्रोलर वायरने जोडा आणि 'रिबिल्ड डेटाबेस' निवडा, गेम जात नाहीत. 'रीसेट'ला मात्र हात लावू नका. आणि रेस्ट मोडमध्ये (अर्धवट झोपेत) मशीन सोडून लोडशेडिंगची वाट बघण्यापेक्षा ते पूर्ण बंद करा.

डिस्क म्हणजे कायमची मालकी, असंही मी म्हणणार नाही. 'द क्रू' हा 2014 चा गाड्यांचा गेम सर्व्हरवर अवलंबून होता. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केले आणि डिस्क घेतलेल्यांच्याही हातात काही उरलं नाही. कॅलिफोर्नियात 2025 पासून कायदाच आहे, की डिजिटल माल विकताना तुम्ही परवाना घेताय, मालकी नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. आपल्याकडेही दुकानदाराने एवढं तोंडी सांगितलं तरी भाच्यासारख्या कितीतरी पोरांचं नुकसान टळेल.

2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या माझ्या मित्राच्या घरात पाणी शिरलं. कन्सोल गेला. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या डिस्क चिखलातून निघाल्या. आम्ही त्या बादलीत एकेक करून धुतल्या. पाण्याने डिस्कला काही होत नाही, पण चिखलातल्या वाळूने घासून अर्ध्याअधिक वाया गेल्या. नवं मशीन घेतल्यावर अकाउंटवरचे गेम मात्र जसेच्या तसे उतरले, कारण ईमेल आणि पासवर्ड त्याचे स्वतःचे होते आणि वहीत नाही, डोक्यात होते. तो आजही डिस्कच घेतो. फक्त पुलाची पातळी 40 फुटांकडे सरकायला लागली, की धान्याच्या डब्याआधी डिस्कचं खोकं माळ्यावर चढतं.