जुनं जेट घेताय? आधी दात बघा

खरसुंडीच्या बाजारात खिलार घेताना आपण रंगाला भुलत नाही, जबडा उघडून दात बघतो. विट्याच्या आमच्या एका गलाईवाल्या (सोनं-चांदी गाळणाऱ्या) पाहुण्यांनी परवा विचारलं, “ऐंशीच्या दशकातलं सायटेशन टू स्वस्तात मिळतंय, घेऊन टाकू का?” सायटेशन टू म्हणजे सेस्ना कंपनीचं छोटं खासगी जेट. त्यांना फोनवर सांगितलेली तयारी इथं लिहून ठेवतो.

विमान बघायला जाण्याआधी ते उतरणार कुठं ते ठरवा. सांगलीजवळच्या कवलापूरची बंद पडलेली धावपट्टी हिशेबात धरू नका. कराडची सुमारे १,२८० मीटर, कोल्हापूरची १,९३० मीटर. माहितीपत्रकात या विमानाला जेमतेम ३,००० फूट (सुमारे ९१५ मीटर) धावपट्टी पुरते असं दिसेल, पण तो आकडा समुद्रसपाटीचा आणि थंड हवेचा. आपल्याकडं उंची दोन हजार फुटांच्या आसपास. त्यात एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर गेला की हवा इतकी विरळ होते, की इंजिनाला आपण ५,२०० फुटांवर उभे आहोत असं वाटतं. तेव्हा त्या तापमानाचा, भरल्या वजनाचा आकडा पायलटकडून विमानाच्या तक्त्यावरून काढून घ्या. कराडहून उडायचं तर इंधन नाहीतर माणसं कमी करावी लागतील, हे आधीच कळलेलं बरं. पावसाळ्यात ओल्या धावपट्टीवर उतरायचंय, म्हणून थ्रस्ट रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढं वळवून वेग मारणारी यंत्रणा) आहेत का तेही विचारा; प्रत्येक जुन्या सायटेशनला ते असतातच असं नाही.

मग इंजिनं. खरा पैसा इथं. या विमानाला प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची दोन जेटी१५डी असतात. साधारण ३,५०० तासांना ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून दुरुस्ती; मध्ये १,७५० तासांना हॉट सेक्शनची, म्हणजे इंजिनाच्या जळत्या भागाची तपासणी. म्हणजे इंजिनांचे ३,३०० तास झाले असतील, तर तुम्ही विमान नव्हे, २०० तास विकत घेताय. दोन्ही इंजिनांचा ओव्हरहॉल विमानाच्या किमतीच्या वर जाऊ शकतो, आणि विकणारा ते आपणहून सांगत नाही. बोरोस्कोप (बारीक नळीची दुर्बीण) घालून आतली पाती बघून घ्या.

“पाच वर्षांत फक्त शंभर तास उडालंय हो,” असं कौतुकानं सांगितलं तर सावध व्हा. यातल्या मोठ्या तपासण्या तासांवरही असतात आणि महिन्यांवरही. फेज ५ नावाची मोठी तपासणी १,२०० तास किंवा ३६ महिने, जे आधी येईल तेव्हा. उभ्या विमानाचे रबरी सील सुकतात, किनाऱ्यावर उभं असेल तर गंजही धरतो. खरेदीपूर्व तपासणी आजवर ज्यांनी देखभाल केली त्यांच्याकडून करून घेऊ नका. पहिल्या दिवसापासूनची लॉगबुकं एकसलग हवीत. मधलं एक जरी हरवलं असेल तर भाव पाडा किंवा उठून या.

कागदांत नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र आणि एआरसीची (उड्डाणयोग्यतेच्या फेरतपासणीच्या प्रमाणपत्राची) मुदत बघा. विमानावर कर्जाचा बोजा आहे का ते भारतात तपासाच, शिवाय विमानांवरचे बोजे नोंदवणाऱ्या डब्लिनच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतही शोध घ्या. परदेशातलं विमान असेल तर हवाबंद केबिनच्या जुन्या विमानांना आयातीसाठी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) वयाची अट आहे. म्हणून मी तर व्हीटी, म्हणजे भारतातल्या नोंदणीचंच बघा म्हणतो. खासगी वापराच्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे, त्यामुळं सीएला आधी भेटा. “रिकामं असेल तेव्हा भाड्यानं देऊ” हा विचार असेल तर एनएसओपी (वेळापत्रकाविना भाड्यानं विमान चालवण्याचा) परवाना लागतो, ते वेगळंच प्रकरण.

आणि पाहुणे, हे विमान सावकाश चालतं. अमेरिकेत त्याला चेष्टेनं ‘स्लोटेशन’ म्हणतात. विट्याहून कोइमतूरच्या पेढीवर जायला तेवढा वेग बास.

इसार द्याल तो एस्क्रोमध्ये (सौदा होईपर्यंत तिऱ्हाइताकडं ठेवलेल्या खात्यात), ‘तपासणीत नापास झालं तर परत’ अशा लेखी अटीवर.