शेळी तोंड लावत नाही ती झाडं : सुट्टीआधी अंगणाची तयारी

सोलापुरात अंगणात काय लावायचं हे बऱ्याच घरांत शेळी ठरवते. कुंपणाबाहेर मोकाट शेळ्या, नळाला चार-पाच दिवसांनी येणारं पाणी आणि एप्रिल-मे महिन्यांतलं ४२-४३ अंशांचं ऊन, या तिन्हींतून जे वाचतं तेच आपल्याकडे टिकतं. म्हणून फाटकाशी कण्हेर असते, कोपऱ्यात बिट्टी, कडेला शेराचं कुंपण, गच्चीवर अडेनियम. एरंड, मोगली एरंड, रुई, धोतरा हे तर न लावताच उगवतात. शेळी त्यांना तोंड लावत नाही, कारण तिला त्यातलं कळतं. सुट्टीला येणाऱ्या तीन वर्षांच्या नातीला ते कळत नाही. म्हणून परीक्षा संपायच्या आत, अक्षय्य तृतीयेच्या अलीकडे, मी दरवर्षी ही सगळी तयारी उरकून घेते. वळवाचा पाऊसही त्याच सुमारास येतो, तेव्हा मोठ्या झाडांचं कामही यातच येतं.

पहिलं काम म्हणजे वही घेऊन अंगणात उकिडवं बसायचं. उभ्याने पाहू नका. मुलाच्या उंचीवरून अंगण वेगळंच दिसतं. लाल, चकचकीत, गोल, सोलता येण्यासारखं काय काय हाताला येतं ते लिहून काढा. झाडाचं नाव माहीत नसेल तर फांदीचा फोटो घेऊन रोपवाटिकेत दाखवा. ज्याचं नाव सांगता येत नाही असं एकही झाड सुट्टी सुरू होताना अंगणात नको.

हे इतक्या कळकळीने सांगण्याला कारण आहे. तीस वर्षांपूर्वी माझा मुलगा दुसरीत होता. शेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या कडेने मोगली एरंडाची रांग होती. चार मुलांनी मिळून त्याची पिवळी बोंडं फोडली, आतल्या काळ्या बिया सोलल्या आणि पांढरा गर खाल्ला. चवीला तो शेंगदाण्यासारखा, गोडसर. शेंगाचटणीवर वाढलेल्या पोरांना ती चव परकी वाटेलच कशी? थोड्या वेळाने उलट्या सुरू झाल्या. मला वाटलं, ऊन लागलं. मी तळपायाला कांदा चोळला, लिंबू सरबत पाजलं आणि दोन तास घालवले. शेजारच्या घरातही हेच चाललंय असं कळलं तेव्हा कुठे आम्ही चौघांना उचलून दवाखान्यात धावलो. सलाईन लागलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलं हिंडूफिरू लागली. मोगली एरंडाचं बहुतेक वेळा उलट्या-जुलाबांवर निभावतं. मात्र अंगातलं पाणी गेलेलं लहान मूल फार झपाट्याने खालावतं. त्या बिया बिट्टीच्या असत्या तर माझ्या दोन तासांची किंमत काय झाली असती, हा विचार अजून दर उन्हाळ्यात मनात येतो.

तेव्हा यादीत सगळ्यात वर कण्हेर आणि बिट्टी. लाल-पांढरी कण्हेर आणि पिवळ्या फुलांची बिट्टी या दोन्हींच्या पानांत, फुलांत, सालीत, बियांत हृदयावर थेट परिणाम करणारं विष असतं. ठोके मंद होतात, लय चुकते. बिट्टीचं हिरवं फळ वाळलं की आत टणक त्रिकोणी बी निघते आणि मुलं ती खेळायला गोळा करतात. खेळता खेळता कुणीतरी ती फोडतंच. तुमच्याकडे बिट्टी असेल आणि घरात सहा वर्षांच्या आतलं मूल राहणार असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: काढून टाका. कण्हेरीबाबत मी इतकी कठोर नाही. देवाला रोज तिचं फूल लागतं, आणि वैशाखात दुसरं फुलतं तरी काय? पण ती हौदापासून लांब हवी. आपल्याकडे पाणी साठवल्याशिवाय चालत नाही. हौद आणि पिंप अंगणातच असतात, त्यांवर झाकण नसतं, आणि वरून कण्हेरीची पानं-फुलं पडून पाण्यात कुजतात. तेच पाणी माणसं वापरतात, गाई-कुत्री पितात. झाड हलवणं जमत नसेल तर हौदाला पक्कं झाकण करून घ्या आणि हौदाच्या बाजूच्या फांद्या उतरवा.

छाटलेल्या कण्हेरीचं काय करायचं हेही आधीच ठरवून ठेवा. ती बंबात घालू नका, चुलीत घालू नका, पाल्याबरोबर पेटवू नका; तिचा धूरही बाधतो. तिची सरळ काटकी हुरडा परतायला किंवा कणीस भाजायला हातात घेऊ नका. आणि पाला रस्त्याच्या कडेला तर मुळीच टाकू नका. ओल्या कण्हेरीकडे न फिरकणारं जनावर वाळलेला पाला खातं, आणि वाळल्याने विष जात नाही. गोणीत भरून, तोंड बांधून घंटागाडीत द्या, किंवा अंगणातच खड्डा करून पुरा.

अडेनियम त्याच कुळातलं. गच्चीवरच्या उन्हात ते सुंदर फुलतं, म्हणून जुळे सोलापूरपासून होटगी रोडपर्यंत प्रत्येक गच्चीवर त्याची एखादी तरी कुंडी दिसेल. असू द्या, पण कठड्यावर उंच ठेवा आणि छाटल्यावर हात साबणाने धुवा.

आता चिकाची झाडं. शेर, निवडुंग, रुई यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा सुजतो. रुईच्या चिकाची फसवणूक अशी, की सुरुवातीला फार दुखत नाही, नुसतं धूसर दिसतं, आणि माणूस म्हणतो, जाईल आपोआप. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं तोडायला घरातल्या मुलींना पाठवतात आणि त्या त्याच हाताने घाम पुसतात. पानं मोठ्यांनीच तोडावीत, तोडून लगेच हात धुवावेत. शेराचं कुंपण छाटायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि साधा का होईना चष्मा हवाच. कामाला माणूस बोलावला असेल तर त्यालाही हे सगळं आपण द्यायचं. तो नको म्हणेल, तरी द्यायचं. चीक डोळ्यात गेलाच तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली १५ ते २० मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. यासाठी पाण्याची एक भरलेली बादली कामाच्या जागी आधीच ठेवलेली बरी. नळ कोरडा असण्याचीच शक्यता जास्त.

बियांसाठी एक वेगळी फेरी मारा. एरंडाच्या ठिपकेदार बिया दिसायला फार देखण्या असतात, आणि त्यांत रिसिन हे जहाल विष आहे. टणक बी अख्खी गिळली तर एखादे वेळी तशीच बाहेर पडते, चावली तर धोका खरा. घरात एरंडेल पितो म्हणून बी निर्धोक, असं समजू नका; तेल काढताना ते विष चोथ्यात राहतं. गुंजेचा वेल कुंपणावर चढलेला असेल तर शेंगा उकलायच्या आत उतरवा. लाल बी, तोंडाशी काळा ठिपका, सोनारांनी पूर्वी वजनाला वापरलेली. पोटात तिचं टणक कवचच आपल्याला वाचवतं. म्हणून माळेसाठी भोक पाडलेल्या गुंजा जास्त वाईट. जुन्या डब्यांत, देवघरात, दृष्टीच्या मनगट्यांत त्या आहेत का तेही पाहा. धोतऱ्याचं काटेरी फळ महादेवाला वाहतात. वाहून झाल्यावर ते निर्माल्यात उघडं पडू देऊ नका. त्याच्या बिया पोटात गेल्या की तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळतो, न दिसणाऱ्या वस्तू पकडायला जातो. अशा माणसाला एकटं सोडायचं नसतं.

घरातल्या शोभेच्या कुंड्यांचं थोडक्यात. अळूची पानं नीट शिजली नाहीत तर घसा खवखवतो, हे आपल्याला माहीत आहे. डिफेनबाकियाच्या ठिपक्याठिपक्यांच्या पानांत तशाच सूक्ष्म सुया असतात, पण कितीतरी तीव्र. पान चावलं की जीभ सुजते, लाळ गळते, बोलता येत नाही. दिवाणखान्यात जमिनीवर ही कुंडी नको. मनीप्लांटही त्यातलाच, जरा सौम्य. आणि सदाफुलीबद्दल एक गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी: मधुमेहावर औषध म्हणून सकाळी तिची पानं-फुलं चावू नका. कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधं याच झाडापासून मिळाली. मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची ती औषधं. अंगणात अंदाजाने खायची वस्तू नव्हे.

गाजर गवताचं काम मृगाच्या पावसानंतरचं, पण तारीख आताच वहीत टाका. पहिल्या सरींनंतर ते उगवतं तेव्हा ओल्या जमिनीतून मुळासकट सहज निघतं. पांढरी फुलं धरली की उशीर झाला. एकेक झुडूप हजारो बिया टाकतं. १९५०च्या दशकात ते पुण्यात प्रथम दिसलं आणि आज एकही मोकळा प्लॉट त्याच्यापासून सुटलेला नाही. अंगाला लागून काहींना पुरळ आणि खाज येते, काहींना दमा उठतो. आमच्या गल्लीत एका वहिनींचे हात दर पावसाळ्यात कोपरापर्यंत फुटायचे. कारण कळायला चार वर्षं गेली. उपटताना हातमोजे हवेत, नाकातोंडावर रुमाल हवा, आणि ज्याला दमा आहे त्याने हे काम करायचंच नाही. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्याचं बी फेकून ठेवा, तो दाट वाढून याला वर येऊ देत नाही.

मोठ्या झाडांकडे येऊ. वळीव येतो तो धुळीचं वादळ घेऊन, अर्ध्या तासात पत्रे उडवतो आणि झाडं आडवी करतो. गुलमोहराची मुळं उथळ पसरतात आणि लाकूड ठिसूळ. सुबाभळीच्या फांद्याही वादळात मोडतात. शेवग्यावर चढू नये हे आपले आजोबा सांगत आले. शेंगा काढायच्या त्या आकडीनेच. प्रत्येक झाडाभोवती एक फेरी मारा. बुंध्याशी एका बाजूची माती उचललीय का, तडा गेलाय का, बुडाशी अळंबी उगवलीय का, ढोली कुठवर गेलीय, दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात चीर आहे का. वाळलेली फांदी पानगळीत ओळखू येत नाही, म्हणून चैत्रात कडुलिंबाला नवी पालवी फुटते तेव्हा जी फांदी उघडी राहिली ती मेलेली समजा. बुंध्याला आवळलेली तार, ठोकलेले खिळे, खोडाला घट्ट भिडलेला सिमेंटचा कट्टा, हे सगळं सोडवा. झाडाला तिथूनच कूज लागते. नारळ असेल तर वाळक्या झावळ्या आणि तयार नारळ मुलं यायच्या आत उतरवून घ्या, खाली खाट टाकायची सवय असेल तर नक्कीच.

काळ्या मातीचं आपलं एक निराळं दुखणं आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि भिंतीजवळचं मोठं झाड पायाखालचं पाणी ओढून ही उलथापालथ वाढवतं. म्हणून वड-पिंपळाच्या जातीचं झाड घराला खेटून नको. कठड्याच्या फटीत पिंपळाचं चार पानांचं रोप दिसलं तर याच महिन्यात मुळासकट काढा. पिंपळाला हात लावायला मन धजत नाही, ते मी समजू शकते. आमच्या सासूबाई तो काढून नमस्कार करायच्या आणि माळावर नेऊन लावायच्या. मीही तेच करते.

विजेच्या तारांना टेकलेल्या फांदीला आपण हात लावायचा नाही, बांबूनेही नाही, शिडी लावून तर नाहीच. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवायचं आणि लाइन बंद झाल्यावरच काम. झाड मुळातून काढायचं असेल तर स्वतःच्या अंगणातलं असलं तरी शहराच्या हद्दीत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज, पाहणी, मंजुरी यांना वेळ जातो, म्हणून अर्ज मार्चमध्येच द्या, फोटो जोडून. काढलेल्या झाडाच्या जागी काय लावायचं असं विचाराल तर मी डाळिंब म्हणेन. आपल्या मातीचं, आपल्या उन्हाचं झाड. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच केगावला आहे. काटे असतात, तेवढे खालचे छाटायचे. जास्वंद आणि मोगरा तर कुणीही डोळे झाकून लावावेत.

दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर मोठ्या अक्षरात १०८, घरच्या डॉक्टरांचा नंबर, आणि दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७. त्याखाली चार ओळी: तोंडातलं उरलेलं बोटाने काढा आणि चूळ भरायला लावा. उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. खाल्लेल्या झाडाची फांदी, फळ किंवा बी पिशवीत घालून बरोबर न्या. मूल खेळतंय, बरं दिसतंय म्हणून थांबू नका. कण्हेरीचा आणि एरंडाचा परिणाम काही तासांनी दिसतो. हा कागद घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एकदा वाचून दाखवा, कामाला येणाऱ्या मावशींनाही, त्यांना समजेल त्या भाषेत. आमच्याकडे येतात त्या तेलुगू बोलतात, म्हणून शेजारच्या वहिनींकडून तेलुगूतही लिहून घेतलंय.

मुलांना मात्र यादी सांगू नका, ती विसरतात. एकच नियम: आजीला दाखवल्याशिवाय अंगणातलं काहीही तोंडात जायचं नाही. आल्या दिवशी त्यांचा हात धरून सगळं अंगण फिरवून आणा, झाडांची नावं सांगा, कशाला हात लावायचा नाही ते बोटाने दाखवा.

शेवटचं काम कुंपणापलीकडचं. शेजारचा प्लॉट अजून रिकामाच आहे, मालक पुण्याला असतात, आणि मोगली एरंड पुन्हा छातीइतका झालाय. फोन करून त्यांची परवानगी घेतली आहे. येत्या रविवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, आम्ही तीन घरं मिळून तो मुळासकट काढणार आहोत. कुदळ आमची, गोण्या समोरच्यांच्या, चहा मागच्या वहिनींकडे.