नर्सिंगच्या यादीत नाव नाही आलं: पुढच्या फेऱ्यांपर्यंत काय करायचं

औशात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविमा हे बारा महिने चालतंच, पण निकाल लागले की निम्मी गर्दी बी.एस्सी. नर्सिंगच्या फॉर्मवाल्यांची होते. लातूर शेजारी असल्यामुळे नीट दिलेली पोरं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यातली बरीच पुढे इकडे वळतात. पहिली यादी लागली की दुसऱ्या दिवशी पोरगी मान खाली घालून बसते आणि तिचे वडील विचारतात, "ताई, वेटिंग कितीपर्यंत जातं?"

मी तोंडी आकडा सांगत नाही. मागच्या वर्षीच्या याद्या उघडून दाखवते. तेच इथे लिहिते.

आधी एक समजून घ्या. सीईटी सेल म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा आणि प्रवेश बघणारा कक्ष; त्याच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांमध्ये रेल्वेच्या तिकिटासारखी वेटिंग नसते. तुमचा राज्य गुणवत्ता क्रमांक एकच आणि कायम. प्रत्येक फेरीत रिकाम्या झालेल्या जागा त्या क्रमांकाने, तुमच्या प्रवर्गाप्रमाणे आणि तुम्ही भरलेल्या पसंतीक्रमाप्रमाणे पुन्हा वाटल्या जातात. "माझं वेटिंग १४०" असं म्हणता येतं ते कॉलेजच्या स्वतःच्या फेरीत किंवा एखाद्या दवाखान्याच्या नर्सिंग स्कूलच्या प्रतीक्षा यादीत. या दोन्ही गोष्टी घरी एकत्र करून घोळ घालू नका.

आता मागचं वर्ष बघायचं ते असं. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या फेरीनिहाय निवड याद्या असतात. त्यातलं तुम्हाला हवं ते एक कॉलेज धरा आणि आपल्याच प्रवर्गात बघा. पहिल्या फेरीत शेवटचा क्रमांक कोणता लागला, शेवटच्या फेरीत कोणता लागला, हे दोन आकडे वहीत लिहा. समजा पहिल्या फेरीत ३,००० वर थांबलं आणि शेवटी ५,२०० पर्यंत गेलं, तर त्या कॉलेजात यादी बावीसशेने हलली. तुमचा क्रमांक ४,५०० असेल तर थांबण्यात अर्थ आहे, ९,००० असेल तर देवाला नारळ फोडून उपयोग नाही. मार्कांची तुलना मात्र करू नका. पेपर दरवर्षी वेगळा, बसणारी पोरं वेगळी, जागाही वाढतात. क्रमांकाला क्रमांकच लावायचा, तोही अंदाज म्हणून.

यादी हलते कशामुळे? बीएएमएस, बीएचएमएसच्या, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीच्या (यांनाच आयुष म्हणतात) फेऱ्यांमुळे. नीट दिलेली बरीच पोरं नर्सिंगची जागा हाताशी धरून ठेवतात आणि तिकडे नंबर लागला की इकडची सोडतात. म्हणून आयुषच्या फेऱ्यांचं वेळापत्रकसुद्धा भिंतीवर लावा. तिकडची यादी लागली की नंतरच्या आठवड्यात इकडे जागा मोकळ्या होऊ शकतात. सरकारी कॉलेजात ही हालचाल कमी असते, खासगीत जास्त.

पण जागा निघाल्यावर तुम्ही सापडायला हवं. फॉर्म भरताना चुलतभावाचा नंबर देतात, आणि भाऊ पुण्याला कंपनीत रात्रपाळीला. ओटीपी त्याच्याकडे, मेसेज त्याच्याकडे, इकडे रुजू व्हायची मुदत दोन-तीन दिवसांची. नंबर पोरीच्या किंवा घरात थांबणाऱ्याच्या फोनचा द्या आणि दिवाळीपर्यंत त्याचं रिचार्ज संपू देऊ नका. केंद्रवाल्याचा ईमेल तर मुळीच देऊ नका, माझासुद्धा नाही. मेसेज येवो न येवो, फेरीच्या दिवसांत रोज संध्याकाळी संकेतस्थळ उघडून सूचना बघायची.

कागदांत सगळ्यात जास्त अडते जात वैधता. बारावीला असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज टाकायचा असतो. अनुसूचित जमातीसाठी समिती वेगळी. निकालानंतर धावाधाव केली तर फेरीच्या तारखा समितीसाठी थांबत नाहीत. अर्ज टाकला असेल तर पोचपावती जपून ठेवा, तिच्यावर मुदत मिळते का ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतं. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, ती तारीख बघा. डोमिसाईल, शाळा सोडल्याचा दाखला, तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र हे सोपे कागद, पण आधारवर एक नाव, दहावीच्या गुणपत्रकावर दुसरं असेल तर आजच दुरुस्तीला लागा.

पसंतीक्रम भरताना एकच नियम: हवं ते वर, नको ते यादीतच नाही. "इथे आपलं लागेल" म्हणून साधं कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं तर तेच मिळेल, आणि वरचं मिळत असूनही मिळणार नाही. जिथे जाणारच नाही असं कॉलेजही टाकू नका. मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या फेरीत बसता येतं की नाही, हे फेरीगणिक बदलतं. स्टेटस रिटेन्शन फॉर्म म्हणजे "मला हीच जागा चालेल, पुढे जायचं नाही" असं लिहून देणं. कॉलेजातला क्लार्क पुढे सरकवतो म्हणून सही करू नका. वाचा, मग करा.

याच दिवसांत एजंटांचे फोन सुरू होतात. नंबर त्यांना कुठून मिळतात देव जाणे. "वेटिंग क्लिअर करून देतो, फक्त डोनेशन." कॅपितलं वाटप गुणवत्ता क्रमांकाने संगणक करतो, त्यात कुणाचा काका लागत नाही. आणि महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेणं १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. खासगी कॉलेजची खरी फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय मिळतं. मुलींच्या घरच्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला तरच. व्यवस्थापन कोट्यातून किंवा कॉलेजच्या स्वतःच्या फेरीतून घेतला की माफी गेली. घाई करून जागा "पक्की" करणाऱ्याला चार वर्षांची फी भरावी लागते ती इथे.

बंगळुरूकडच्या कॉलेजांची पत्रकंही वाटली जातात. तिकडचं सगळंच वाईट असं नाही. पण आधी त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या आणि भारतीय उपचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिल) यादीत नाव बघा, आणि शिकून परत आल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे पुन्हा नोंदणी करावी लागेल हे धरून चाला. सहा महिन्यांचा "नर्सिंग डिप्लोमा" देणाऱ्या गाळ्यांपासून मात्र लांब राहा. तसल्या कागदावर कौन्सिलची नोंदणी होत नाही, म्हणजे नर्स म्हणून नोकरी नाही.

आता खरा प्रश्न, थांबायचं की जीएनएम (तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा) धरायचं? माझं मत सरळ आहे, पटलं तर घ्या. वर्ष थांबून बी.एस्सी. केलं तर एक अधिक चार, पाच वर्षं. यंदा जीएनएम घेऊन पुढे पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरचं बी.एस्सी.) केलं तर तीन अधिक दोन, तीही पाचच. फरक इतका की दुसऱ्या वाटेने तीन वर्षांनी कौन्सिलची नोंदणी हातात येते आणि मध्येच घरची अडचण आली तर पोरगी कमावू शकते. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं असेल आणि पोरगी अभ्यासाला बसणार असेल, तर वर्ष थांबा. खासगी कॉलेजच्या जागेसाठी वर्ष घालवायला मी कुणाला सांगत नाही. जीएनएमचा एक तोटाही सांगते: एम्सच्या नर्स भरतीच्या नॉरसेट परीक्षेला बी.एस्सी.वाली पोरगी थेट बसते, जीएनएमवालीला किमान पन्नास खाटांच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. बारावी कला शाखेतून झाली असेल तर बी.एस्सी.चा दरवाजाच बंद, त्याला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं. जीएनएम आणि एएनएमला (जीएनएमहून छोटा नर्सिंगचा कोर्स) कला शाखाही चालते. गावात उपकेंद्रावर ज्या सिस्टर असतात त्यांच्यात एएनएम झालेल्या कितीतरी आहेत, त्याला कमी लेखू नका.

नीटचे गुण बरे असतील आणि मुलगी अविवाहित असेल तर सैन्याच्या नर्सिंग सेवेचा अर्जही बघा. पुण्याच्या एएफएमसीत (सैन्याचं वैद्यकीय कॉलेज) आणि मुंबईच्या आयएनएचएस अश्विनीत (नौदलाचं रुग्णालय) हाच बी.एस्सी. कोर्स आहे. मुलग्यांना ही वाट नाही.

वर्ष थांबायचं ठरलंच तर रिकामं थांबू नका. गावच्या कॉलेजात साध्या बी.एस्सी.ला (नर्सिंग नव्हे) नाव घालून ठेवायला हरकत नाही, पण प्रवेश रद्द केल्यावर किती पैसे परत मिळतात आणि टीसी किती दिवसांत देतात ते आधीच विचारा. मूळ कागद दिलेत तर त्यांची यादी लिहून शिक्क्याची पोच घ्या. पुढच्या फेरीत नंबर लागतो आणि कागद दुसऱ्या कॉलेजच्या कपाटात, असं होऊ देऊ नका. नर्सिंगच्या सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड यांना प्रत्येकी वीस गुण असतात. आमच्याकडची पोरं जीवशास्त्र घोकत बसतात आणि इंग्रजीत मार खातात. अ‍ॅप्टिट्यूडचं तर पुस्तकही उघडत नाहीत. वर्ष मिळालंय तर या दोन विषयांपासून सुरू करा, जात वैधतेचा अर्ज याच महिन्यात टाका, आणि ३१ मार्च उलटला की नवीन नॉन-क्रिमीलेअरला एप्रिलमध्येच या. जूनमध्ये आलात तर रांग तहसीलच्या फाटकापर्यंत असते.