मृगाच्या पावसाआधी जिवाणूचं पुडकं उलटून वाचा

रोहिणी नक्षत्र सरत आलंय. काटोल, नरखेड, कळमेश्वर पट्ट्यातले मृग बहाराचे संत्रा बगीचे ताणावर (पाणी तोडलेले) आहेत आणि कृषी केंद्रांत बॅसिलस या मुळांना उपयोगी जिवाणूच्या पुड्या-बाटल्या मांडल्या गेल्यात. घ्यायला हरकत नाही. पण ‘बॅसिलस सबटिलिस’ एवढंच नाव पाहून पैसे मोजू नका, त्याच्याजवळ छापलेला स्ट्रेनचा, म्हणजे त्या जिवाणूच्या नेमक्या वाणाचा, क्रमांक शोधा.

एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या कुवतीचे जिवाणू असतात. बॅसिलस सबटिलिसच्या ‘१६८’ या स्ट्रेनचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, १९९७ मध्ये वाचला गेला. त्यात सुमारे ४२ लाख अक्षरं आणि ४,१०० च्या आसपास जनुकं निघाली. बुरशीविरुद्ध आणि मुळांवर वस्ती करायला उपयोगी पडणारं सरफॅक्टिन हे रसायन बनवायची जनुकं त्याच्यापाशी आहेत, तरी तो ते बनवत नाही, कारण एसएफपी नावाचं एक छोटं जनुक बिघडलेलं आहे. याउलट ‘एफझेडबी४२’ या स्ट्रेनचा जवळपास दहावा हिस्सा जीनोम अशी संरक्षक रसायनं बनवण्यातच खर्ची पडतो. तो आधी बॅसिलस अमायलोलिक्विफेशियन्स म्हणून ओळखला जायचा. जीनोम शेजारी-शेजारी ठेवून तपासल्यावर तो बॅसिलस वेलेझेन्सिस ठरला. तेव्हा पुडक्यावर जुनं नाव दिसलं म्हणून माल खोटा समजू नका. स्ट्रेन क्रमांक, नोंदणी क्रमांक, दर ग्रॅम जिवंत जिवाणूंची संख्या आणि मुदत, या चारही गोष्टी छापलेल्या हव्यात. नसतील तर पुडकं परत ठेवा.

बीजाणू (जिवाणूची कठीण कवचातली झोपलेली अवस्था) बनवायची मूळ जनुकं मात्र या साऱ्या भावंडांत जवळपास सारखीच आहेत, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तीच कामी येतात. प्रयोगशाळेत ८० अंशांवर १० मिनिटं तापवूनही बीजाणू जिवंत राहतात. स्यूडोमोनास किंवा रायझोबियम हे दुकानात मिळणारे दुसरे जिवाणू बीजाणू करत नाहीत. मे महिनाभर टिनाच्या शेडमध्ये तापलेली त्यांची बाटली घेण्यात अर्थ नाही.

आता ड्रमविषयी, कारण हे बगीच्या-बगीच्यात चाललंय. एक पुडी, गूळ, पाणी, चार-पाच दिवस ढवळणं आणि फेस आला की ‘जिवाणू वाढले’ म्हणून आळ्यात ओतणं. फेस यीस्टनंही येतो. उघड्या ड्रममध्ये काय वाढलं हे डोळ्यांना कळत नाही, बॅसिलसच वाढला तरी कोणता ते तर नाहीच. आपल्या बीटी कापसातलं जनुक ज्याच्याकडून आलं तो बॅसिलस थुरिंजिएन्सिस आणि शिळ्या भातातून ओकाऱ्या लावणारा बॅसिलस सेरिअस जीनोमनं इतके जवळचे आहेत की मुख्य फरक प्लास्मिडवरच्या (मुख्य डीएनएपासून वेगळ्या छोट्या कड्यांवरच्या) जनुकांत सापडतो. म्हणून ड्रम नकोच. पुडी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून त्याच दिवशी वापरा. मात्रा लेबलवर असेल तीच ठेवा.

वापरायच्या आधी दोन-चार झाडांच्या घेराखाली वीतभर माती उकरून पाहा. बारीक तंतूमुळं चिमटीत धरून हलकं ओढा. साल मोज्यासारखी निसटून आत नुसता दोरा उरला, तर ती फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूची मूळकूज समजा. बुंध्यावर डिंकही दिसू शकतो. अशा झाडाला एकटा बॅसिलस वाचवू शकत नाही. भारी काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर आधी चर काढा आणि बुंध्याला टेकलेली माती दूर करा. डिंक्या (डिंक पाझरणारी रोगट साल) खरवडून पाऊस लागायच्या आत बोर्डो मलम लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. चुना आणि मोरचूद वेगवेगळे भिजवून मगच एकत्र करा, लोखंडी भांडं नको.

जिवाणूयुक्त शेणखत पहिला दमदार पाऊस होऊन वाफसा आल्यावर द्या. कोरड्या तापल्या मातीत बीजाणू तग धरतील, पण उगवणार नाहीत. खत घेराच्या कडेनं, तंतूमुळं असतात तिथं पसरून मातीत मिसळा, बुंध्याशी ढीग नको. ताम्रयुक्त औषध त्याच आळ्यात ओतायचं असेल तर दोहोंत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा आणि एका टाकीत तर कधीच मिसळू नका. बुंध्यावरचं मलम जागच्या जागी राहतं, त्यासाठी थांबायची गरज नाही. काही झाडं जिवाणूविना सोडून त्यांना खूण करा आणि पोळ्याच्या सुमारास दोन्हीकडची तंतूमुळं पुन्हा उकरून पाहा.