पीआर एजन्सीत इंटर्नशिप करताय? आधी सकाळचे पेपर

मुंबईतल्या पीआर (जनसंपर्क) एजन्सीत दोन महिन्यांसाठी जाणार असाल, तर पहिलं काम बहुतेक ठरलेलं: सकाळी क्लायंटच्या बातम्या शोधणं. ते हलकं समजू नका. मी इंटर्नकडून लोकसत्ता, मटा, सकाळ, लोकमत रोज वाचून घेते आणि नुसतं कात्रण चालवून घेत नाही. आवृत्ती कोणती, पान कितवं, बायलाइन (बातमीवरचं पत्रकाराचं नाव) कोणाची, हे एक्सेलमध्ये हवंच. कोण कशावर लिहितं हे हळूहळू तोंडपाठ होतं. खरी मीडिया लिस्ट, म्हणजे कोणत्या विषयासाठी कोणत्या पत्रकाराला गाठायचं याची यादी, तीच.

मराठी प्रेसनोट हा तुमचा हुकमी एक्का. इंग्रजीवरून शब्दाला शब्द लावलेली नोट वृत्तपत्राच्या डेस्कवर कोणी वाचत नाही. ‘अग्रगण्य’, ‘नावीन्यपूर्ण’ सरळ काढा. पहिल्याच परिच्छेदात कोण, काय, कुठे, कधी. मजकूर युनिकोडमध्ये, मेलमध्येच द्या. पीडीएफमधून कॉपी केला की जोडाक्षरं फुटतात. फोटोखाली ‘डावीकडून’ म्हणत नावं, हुद्द्यांसह.

पत्रकारांना फोन दुपारी करा, संध्याकाळी पानं लागत असतात. ‘मेल मिळाला का?’ एवढंच विचारायला तर करूच नका.

क्लायंटला द्यायच्या अहवालात बातमीची किंमत तेवढ्याच जागेच्या जाहिरातीच्या दराने काढायला सांगतील. पीआरच्या कामाचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी ही पद्धत नाकारली, तरी क्लायंट मागतात. आकडा द्या, पण शेजारी क्लायंटचा मुद्दा बातमीत आला का, तेही लिहा.

आणि स्टायपेंड, प्रमाणपत्र यांचं रुजू होण्याआधीच मेलवर लेखी घ्या.