बायबलची पहिली पाच पुस्तकं वाचताय? पेन्सिल घेऊन बसा

आमच्या भायखळ्याच्या बायबल स्टडीत दर जानेवारीत कोणीतरी ठरवतं की यंदा पूर्ण बायबल वाचायचंच, आणि तिसऱ्या पुस्तकापर्यंत, लेवीयपर्यंत, आलं की गाडी अडकते. कारण आपण अध्याय संपवायच्या मागे असतो. पाच पुस्तकांचे (उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद) मिळून 187 अध्याय आहेत, लोकलमध्ये रोज दोन वाचले तर तीन महिन्यांत होतात, पण माझं ऐका, शब्द पकडून वाचा आणि समासात खुणा करत जा.

पहिला शब्द करार, म्हणजे देवाने माणसांशी केलेला. जिथे दिसेल तिथे "क" लिहा: नोहाशी झालेला, अब्राहामाशी झालेला, मग सीनाय डोंगरावरचा. उत्पत्तीचा अध्याय 15 मात्र अगदी सावकाश वाचा. अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) कालवड, शेळी, एडका मधोमध चिरून समोरासमोर मांडतो, घारी-गिधाडं उतरतात ती हाकलतो, आणि सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते. त्या काळी करार करणारे अशा तुकड्यांमधून चालायचे, म्हणजे मी शब्द मोडला तर माझंही असंच होवो. पण इथे फक्त धुराची भट्टी आणि जळती मशाल मधून जाते, अब्राम जातच नाही! म्हणजे सगळी जबाबदारी देवाने एकट्याने घेतली. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी पुढे काही वाचूच शकले नाही.

दुसरी खूण भाषांतरात हरवते म्हणून सांगते. नोहाचं तारू आणि बाळ मोशेला ठेवलेला लव्हाळ्याचा पेटारा, मराठीत दोन वेगळे शब्द, पण हिब्रूत दोन्हीला एकच शब्द आहे, तेवा. दोन्हीला पाणी शिरू नये म्हणून डांबर, आणि दोन्हीत बुडणाऱ्यांतून वाचलेला जीव. दोन्ही ठिकाणी सारखीच खूण करा.

लेवीयमध्ये पहिल्या सात अध्यायांतली पाच अर्पणं (होमार्पण, अन्नार्पण वगैरे) पाठ करायला जाऊ नका, एकदा वाचा आणि थेट 16 वर या, तिथे प्रायश्चित्ताचा दिवस आणि दोन बकरे आहेत, एक अर्पण होतो आणि दुसरा लोकांची पापं डोक्यावर घेऊन रानात जातो. मग 19 वाचा, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची आज्ञा इथलीच आहे.

गणना म्हणजे सरळ शिरगणती, ती दोनदा होते. अध्याय 1 मध्ये 6,03,550 आणि 26 मध्ये 6,01,730 पुरुष. आकडा जवळपास तोच पण माणसं वेगळी, पहिल्या यादीतले फक्त कालेब आणि यहोशवा उरलेत, बाकी सगळी पिढी रानात संपली.

शेवटचं अनुवाद. इथे अर्थ भाषांतर नाही हां, मागाहून पुन्हा सांगणं. मोशे यार्देन नदीच्या अलीकडे उभा राहून नव्या पिढीला सगळं परत सांगतो. अध्याय 6 मध्ये दाराच्या बाह्या, म्हणजे चौकटीचे उभे खांब, शोधा, आणि निर्गम 12 उघडून शेजारी ठेवा, कारण वल्हांडणाच्या रात्री, म्हणजे इस्राएल लोक मिसरमधून सुटले त्या रात्री, कोकराचं रक्त त्याच बाह्यांना लावलं होतं, आता तिथे देवाचं वचन लिहायचंय. आमच्या जुन्या चाळीत एक बेने इस्राएल (आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या यहुदी) मावशी राहायच्या, त्यांच्या दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे वचनाची गुंडाळी ठेवलेली छोटी डबी, तिरका ठोकलेला होता, बाजाराला निघताना त्या त्याला बोटं लावायच्या आणि तीच बोटं ओठांना. आतल्या गुंडाळीवर अनुवाद 6 मधल्या या ओळीही असतात.